पैलवान, तेव्हा तरी इच्छा कुठं होती?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ सांगलीचे, वय ६१. अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत तालमीत राहिले, जत्रांतल्या कुस्त्या केल्या, चार चांगल्या कुस्त्या मारल्या. मग नोकरी लागली, लग्न झालं, तालीम सुटली. "खुराक मात्र सुटला नाही," हे त्यांचंच वाक्य. आता निवृत्त आहेत. वजन ९८ किलो, साखर वाढलेली, गोळ्या चालू. डॉक्टर दर खेपेला व्यायामाचं विचारतात आणि हे "करतो की" म्हणून वेळ मारून नेतात. दोन वर्षांत तीनदा सुरुवात करून झाली. पहिल्यांदा जानेवारीत वर्षाचे पैसे भरून जिम लावली, ती अकरा दिवस चालली. दुसऱ्यांदा घरीच सुरू केलं, तिसऱ्या दिवशी शंभर बैठका काढल्या आणि गुडघा सुजला. तिसऱ्यांदा मुलानं पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. "ते मनगटावर थरथरतं, मी त्याच्याकडं बघतो, ते माझ्याकडं बघतं." पत्नी रोज सकाळी शेजारणींबरोबर आमराईत फिरायला जातात, यांनाही चला म्हणतात, हे जात नाहीत. शेवटी लिहितात: "पूर्वी पहाटे साडेचारला उठून जोर मारायचो. ती जिद्द कुठं गेली? आता इच्छाच होत नाही. ती परत कशी आणायची, तेवढं सांगा."

पैलवान, नमस्कार.

तुम्ही पत्राखाली 'एक माजी पैलवान' अशी सही केलीत. आपल्याकडं आमदार माजी होतात, पैलवान झालेला मी तरी ऐकला नाही. ज्यानं एकदा अंगाला माती लावली त्याला गाव मरेपर्यंत पैलवान म्हणूनच हाक मारतं. तुमची अर्धी अडचण त्या हाकेत आहे असं मला वाटतं, पण त्याकडं नंतर येते.

आधी ती साडेचारची गोष्ट. माझं लहानपण मिरजेत गेलं. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं तालीम होती. मुलींना तिथं उंबऱ्यापर्यंतसुद्धा जायची मुभा नव्हती, पण माडीच्या खिडकीतून अर्धा आखाडा दिसायचा, आणि अभ्यासाला म्हणून पहाटे उठवलेल्या मुलीला बघायला दुसरं होतं काय? आखाडा उकरायची पाळी लावलेली असायची. एक पोरगा मला अजून आठवतो. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. खोरं घेऊन मातीत उतरायचा, दांड्यावर हनुवटी टेकवायचा आणि उभ्या उभ्या झोपायचा. तोंड उघडं, लंगोटाचं टोक लोंबतंय. वस्ताद यायचे. बोलायचे काही नाहीत, काठी दोनदा जमिनीवर आपटायचे. पोराचे हात आधी चालू व्हायचे, डोळे तिसऱ्या-चौथ्या घावाला उघडायचे.

त्या पोराला इच्छा होती म्हणता? अजून तासभर झोपू दिलं असतं तर त्यानं त्या दिवशीचं सगळं दूध देऊन टाकलं असतं. तो उठायचा, कारण त्याची पाळी होती. झोपायलाही तिथंच होता, शेजारचा उठला की यालाही लाथ बसायची. वडील गावाकडनं तूप पाठवत होते, त्या तुपाचा हिशेब द्यायचा होता. जोडीचा पोरगा बैठकांत पुढं जात होता. दोन महिन्यांवर जत्रा होती. आणि या सगळ्यावर ती काठी. इच्छा यायची, नाही असं नाही. पण ती मागनं, अंग तापल्यावर, साडेपाचच्या सुमारास यायची.

आता तुमचे ते दिवस आठवून बघा. रोज पहाटे तुम्ही मनाला विचारत होता का, 'आज इच्छा आहे का'? मला वाटतं, तुमची जिद्द कुठंही गेलेली नाही. गेली ती तालमीची सगळी बांधणी. वस्ताद गेले, पाळी गेली, जोडीदार आपापल्या संसाराला लागले, जत्रेची तारीख राहिली नाही. तेव्हा जे काम सात माणसं आणि एक काठी मिळून करत होती, ते आज तुम्ही एकट्यानं, पलंगावर पडल्या पडल्या, मोबाइल हातात धरून करायला बघताय. होत नाही म्हटल्यावर दोष स्वतःच्या स्वभावाला देताय. म्हणून 'इच्छा कशी आणायची' याचं उत्तर माझ्याकडं नाही. बांधणी परत कशी करायची, एवढं बोलू.

त्याआधी शंभर बैठकांबद्दल दोन शब्द, जरा रागानंच. तिसऱ्या दिवशी शंभर? तालमीत नव्या पोराला वस्तादांनी तिसऱ्या दिवशी शंभर काढू दिल्या असत्या का? तुम्ही नवीन पोरगाच आहात, फक्त त्याला बैठक कशी काढायची ते आधीपासून माहीत आहे. धोका तिथंच आहे. बैठकेची चाल डोकं विसरत नाही, पस्तीस वर्षांनी बसलात तरी अंग आपोआप खाली जातं आणि वर येतं. स्नायूही त्या मानानं लवकर साथ देतात. आधी मेहनत केलेल्या माणसाचं अंग नवख्यापेक्षा लवकर भरतं. पण स्नायू हाडाला धरून ठेवणाऱ्या शिरांना आणि सांध्यांना भार सोसायची सवय सावकाश लागते, महिन्यांच्या हिशेबात. डोकं पंचविशीचं, गुडघा ६१ चा, आणि मध्ये ९८ किलो. तो सुजला नसता तरच नवल.

यावरून "आता वय झालं" असा निष्कर्ष मात्र काढू नका. बोस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता. १९९० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वैद्यकातली मंडळी चकित झाली, कारण ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीत! तुम्ही त्यांच्यापुढं कोवळे आहात. पण ते सगळं देखरेखीखाली, मोजून-मापून, भार थोडा थोडा वाढवत चाललं होतं. म्हणजे तिथंही वस्ताद होता.

आज तुम्ही नेमके कुठं आहात ते कळायला एक साधी चाचणी सांगते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा, सेकंद बघायला घरात कुणालाही बसवा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं तर पाय सरासरीपेक्षा कमजोर धरतात. त्याच वयाच्या बाईसाठी तो आकडा बारा आहे. गुडघ्यात कळ आली तर तिथंच थांबा. जो आकडा येईल तो कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहून ठेवा. यापुढं तुलना त्या आकड्याशी. जत्रेत कुस्ती मारणाऱ्या त्या पोराशी नाही.

आता मुलाचं घड्याळ. त्यात रोजची दहा हजार पावलं लावलेली असणार. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढला असं तुम्हाला वाटतं? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर झाला. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक उरला नाही. पोराचं प्रेम आहे, घड्याळ फेकू नका. पण त्यातला आकडा चार हजारांवर आणून ठेवा. ते बदलता येतं, फोन करून विचारा; त्यालाही बरं वाटेल.

२१ दिवसांत सवय लागते हेही तुम्ही ऐकलं असेल. लंडनमध्ये ९६ जणांवर हे मोजून बघितलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमची जिम अकराव्या दिवशी सुटली म्हणून तुम्ही हरलात असं समजलात. अहो, सुरुवातीची खडाखडीसुद्धा संपली नव्हती.

आता त्या आमराईकडं येते. पत्नी रोज बोलावतात आणि तुम्ही जात नाही, एवढंच तुम्ही लिहिलंय. कारण लिहिलेलं नाही. मी अंदाज करते, चुकला तर कळवा. आमराईत सकाळी निम्मी सांगली भेटते. त्यात तुम्हाला ओळखणारे पाच-पन्नास असणारच. त्यांच्यासमोर बायकांच्या घोळक्यामागनं धापा टाकत चालायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी बाकावरून हाक मारायची, "काय पैलवान!" त्या हाकेतलं 'पैलवान' आणि आरशातलं पोट यांचा मेळ बसत नाही. घरात शंभर बैठका काढून गुडघा सुजवून घेणं परवडतं, कारण ते कुणी बघत नाही. जिममध्येही भोवती विशीतली पोरं आणि तिन्ही बाजूंनी आरसे.

हे मी वरून बघून सांगत नाही. मी ५७ व्या वर्षी पोहायला शिकले. तलावाच्या उथळ कडेला कठडा धरून मी पाय मारायची आणि शेजारून सहा वर्षांची पोरं सुळकन जायची. एक तर रोज थांबून सांगायचा, "आजी, गुडघ्यातनं नको, कमरेतनं मारा." पहिले आठ दिवस मला त्याचा इतका राग यायचा की मी त्याची वेळ चुकवायला लागले. नवव्या दिवशी कमरेतून मारून बघितलं. कार्टं बरोबर होतं.

तेव्हा आता पर्याय बघू. पैसे भरलेत म्हणून पुन्हा जिमकडं वळू नका. चांगला शिकवणारा असेल तर जिम वाईट नाही, पण तुमच्यासाठी तिथं सध्या ना पाळी आहे ना जोडीदार. नदीवर जाऊन पोहण्याचा विचार मनात असेल तर कृष्णेतल्या मगरी तुम्हाला मी सांगायला नकोत; तलाव शोधा, गुडघ्याला पाण्यासारखं दुसरं काही नाही. तिसरा पर्याय तुमच्या मनात नक्की असणार, तो म्हणजे पुन्हा तालीम. सांगली जिल्ह्यात त्याची कमी नाही. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने ज्या कवठेपिरानचे, ते तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पोरांच्या मेहनतीच्या वेळी तालमीत जाऊन बसणं मला खरोखर आवडेल, कारण वेळ, माणसं आणि मातीचा वास, सगळी बांधणी तिथं आयती आहे. अडचण एकच, आणि ती तुम्हालाही माहीत आहे. चौथ्या दिवशी एखाद्या पोराचा डाव चुकेल, तुम्ही म्हणाल "तसा नव्हे रे, असा," आणि धोबीपछाड दाखवायला मातीत उतराल. म्हणून तालीम दोन महिन्यांनी. तीही आठवड्यातून दोन संध्याकाळ, बाकावर बसून, लंगोट घरी ठेवून.

तोवर आमराई. पत्नीची वेळ तीच तुमची वेळ. तुमच्या घरात एक चालू तालीम आहे आणि तुम्ही ती सोडून बाहेर वस्ताद शोधताय. त्या बायका एकमेकींसाठी जातात. एक आली नाही तर बाकीच्या फोन करतात, खरं की नाही? त्यांना सांगा की मी आलो नाही तर मलाही फोन करायचा. पहिले दोन आठवडे फक्त एक फेरी, बोलताना दम लागणार नाही अशा चालीनं. अंग तापलं, बरं वाटलं, अजून एक मारावी वाटली तरी मारायची नाही. पैलवानाला हे सगळ्यात जड जाणार, म्हणून मुद्दाम लिहिते. पुढं दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. हळूहळू आठवड्याची १५० मिनिटं झाली की जागतिक आरोग्य संघटना सांगते तेवढं चालणं झालं. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा असंही ती म्हणते. त्यासाठी खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून उभ्यानं दहा जोर, एवढ्यावर पहिला महिना काढा. जोर मारताना श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. भिंतीपासून मागं ढकलताना श्वास सोडा. पासष्टीच्या पुढच्या वाचकांनी यात तोल सांभाळायचा व्यायाम घालावा, आठवड्यातून तीन दिवस तरी. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहणं त्यात धरायला हरकत नाही.

दुपारी-रात्री जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं दारातच चाला. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, इन्सुलिनची फारशी वाट बघत नाही, त्यामुळं जेवणानंतरची साखर कमी चढते. आजी-आजोबा शतपावली म्हणायचे. पावलं थोडी कमी सांगितली त्यांनी, कल्पना मात्र पक्की होती. खुराकाबद्दल मी आज बोलत नाही. एका वेळी एकच कुस्ती.

पण या सगळ्याच्या आधी डॉक्टरांकडं जा आणि खरं सांगा: "दोन वर्षं खोटं बोलत होतो, आता सुरू करणार आहे." ही शरमेची बाब म्हणून सांगत नाही, यात सरळ धोका आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. तुम्ही व्यायाम करता असं समजूनच डॉक्टरांनी आजचा डोस ठरवला असणार. गोळ्या बदलायच्या का ते त्यांना ठरवू दे, हृदयाची तपासणी करायची का तेही विचारा. खिशात चार साखरेचे खडे ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तोंडात टाकून खाली बसा. छातीत दडपण आलं, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं सरकलं तर 'गॅस झाला' म्हणत चालत राहू नका, थेट दवाखाना. साखरवाल्यांनी बूट घालण्याआधी तळपाय बघायची सवय लावावी; मधुमेहात पायाची जाण कमी झाली असेल तर खडा टोचलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावरच लक्ष जातं.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं इतरांनाही थोडं सांगते. बऱ्याच बायका मला लिहितात की 'पुन्हा सुरू' करायला आम्ही कधी सुरूच केलेलं नाही. त्यांची बाजू एका अर्थी सोपी आहे, मागं वळून बघायला कुणी पैलवान नाही. दिवसभर घरात आणि रानात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला, असंही विचारतात. राबण्यानं अंग हलतं, हे खरं. पण वाकून भांगलणीत कंबर झिजते तेवढी मांडी भरत नाही, म्हणून खुर्चीवरून उठ-बस त्यांनीही करावी. आणि ज्यांच्या घरी फिरायला नेणारी पत्नी नाही किंवा पती नाही, त्यांनी शेजारचं एक दार ठरवून घ्यावं आणि रोज त्याच वेळी वाजवावं. आपण झोपून राहिलो तर पलीकडं कुणीतरी बूट घालून ताटकळणार आहे, एवढी टोचणी पुरते.

राहिली ती बाकावरची हाक. पहिल्याच आठवड्यात येईल. "काय पैलवान, पुन्हा सुरू का?" यावर कधीपासून, किती, कशासाठी असा कसलाही खुलासा द्यायचा नाही. जुन्या कुस्त्या काढायच्या नाहीत, गुडघ्याचं सांगायचं नाही. "बायकोसोबत आलोय" म्हणा, तेवढं खरंही आहे. आणि पाय थांबवू नका. थांबलात की ते बाकावर सरकून जागा करतील, मग चहा येईल.